आयात वराह आणि उष्ण हवा : प्रकल्प नोंदी

५ फेब्रुवारी २०२४

गट पाडून झाले. लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँडरेस, ड्युरॉक या तीन आयात जातींचे तीन गट आणि चौथा गट संकरित पिल्लांचा (आई स्थानिक, बाप लार्ज व्हाइट). सगळी दूध तोडून स्थिरावलेली, वजनं २० किलोच्या आसपास. शेड एकच, खाद्य एकच, दर डोई जागाही सारखी.

या वेळी वजनापेक्षा खाद्याच्या नोंदीला जास्त मान द्यायचा. आयात जातींचा उष्ण प्रदेशातला हिशोब बहुतेक वेळा नुसता काट्यावर मांडला जातो: किती महिन्यांत किती किलो. काटा उशिरा बोलतो. उन्हाचा ताण आधी गव्हाणीत दिसतो आणि मग काही दिवसांनी वजनात. म्हणून रोज सकाळी आदल्या दिवसाचं उरलेलं खाद्य तोलून काढायचं, दर पंधरवड्याला वजन, आणि दुपारी तीन वाजता श्वास मोजायचे. तापमान आणि आर्द्रता टिपणारं यंत्र जनावराच्या पाठीच्या उंचीला टांगलंय. माणसाच्या डोक्याच्या उंचीवरचा आकडा इथे कामाचा नाही.

या जाती घडल्या कुठे हे लक्षात ठेवूनच वाचन सुरू केलंय. लार्ज व्हाइट इंग्लंडच्या यॉर्कशायरमधली. ब्रिटनमध्ये वंशावळीची नोंद ठेवणारी संघटना १८८४ साली उभी राहिली. लँडरेस डेन्मार्कची, लांब पाठीची, बेकनसाठी निवडलेली. डेन्मार्कने तिची शुद्ध पैदास बाहेर जाऊ नये म्हणून बराच काळ बंधनं ठेवली होती; अमेरिकेला ती १९३४ साली मिळाली. ड्युरॉक अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या लाल डुकरांतून आलेली. लार्ज व्हाइट आणि लँडरेसची निवड जिथे झाली तिथे उन्हाळाही आपल्या थंडीसारखाच. दिवसाला ८०० ग्रॅम ते किलोभर वाढ हा त्यांचा आकडा त्या हवेतला आणि त्या खाद्यावरचा आहे.

२६ फेब्रुवारी

पहाटे १७ अंश, दुपारी २९. आयात तिन्ही गट पुढे, संकरित मागे. अपेक्षितच. अशा हवेत या जातींशी कुणी बरोबरी करू शकत नाही, आणि त्या कागदावर इतक्या चांगल्या दिसण्याचं कारणही हेच.

लँडरेसच्या एका कप्प्यात मावळतीचं ऊन थेट येतं. तिथल्या पिल्लांच्या कानांच्या कडा आणि पाठ लालसर झालीय, हात लावला की अंग चोरतात. पांढऱ्या कातडीला ऊन भाजतं; ड्युरॉकला हा त्रास फारसा नाही. जाळीचा पडदा सोडला. गडद रंग ऊन जास्त शोषतो म्हणून तो उष्ण प्रदेशात वाईट, असं सरसकट म्हटलं जातं, पण तो प्रश्न उघड्यावरच्या जनावराचा. छपराखाली रंगाचा फरक मागे पडतो, महत्त्वाचं ठरतं ते अंगातून निघणारी उष्णता जाते कुठे हे.

१९ मार्च

शेडमध्ये आज दुपारी ३४. आरामात पडलेल्या वाढत्या वराहाचा श्वास मिनिटाला साधारण २० ते ३० असतो. आज संकरित गटात तो ४० च्या आसपास, लार्ज व्हाइटमध्ये बऱ्याच जणांचा ७० च्या वर. लँडरेसमधली एक मोठी मादी शेजारी बसून मोजली. आडवी पडलेली, चारही पाय ताणलेले, पोट फरशीला घट्ट टेकवलेलं. बरगड्या नव्हे, फासळीच्या मागचा खोलगट भाग आत-बाहेर होत होता, इतक्या वेगाने की बोटाने मोजताना चुकायला होतं. तोंड किंचित उघडं. शेपटीकडचा भाग मुद्दाम ओल्या कोपऱ्यात नेलेला. मिनिटाला ९६.

वराहाला घामाचा उपयोग नाही. घामग्रंथी आहेत, पण उष्णतेला प्रतिसाद देऊन अंग थंड करण्याइतक्या त्या काम करत नाहीत. त्यामुळे वाटा उरतात तीनच: थंड जमिनीला अंग लावणं, अंग ओलं करून वाळू देणं, धापा टाकणं. चिखलात लोळण्याला घाण समजणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं. अंगावरचं नुसतं पाणी लवकर उडून जातं. चिखलाचा थर कितीतरी जास्त वेळ बाष्प सोडत राहतो. स्वच्छ कोरडी फरशी दिली म्हणजे जनावराचं भलं केलं असं उन्हाळ्यात तरी म्हणता येत नाही.

८ एप्रिल

लार्ज व्हाइटची जनावरं दुपारी पाण्याकडे फिरकत नाहीत, म्हणून आज पाण्याची तपासणी. निपलमधून (जनावराने तोंडाने दाबून पाणी प्यायची तोटी) बाटली भरून घड्याळ लावलं. वाढत्या जनावरांना मिनिटाला लिटरभर पुरतं, दूध पाजणाऱ्या मादीला दोन लिटर हवं. प्रवाह ठीक निघाला. मग थर्मामीटर पाण्यात धरला आणि कारण सापडलं: दुपारी निपलमधून येणारं पाणी ३९ अंश. नळी छपरावरून, उन्हातून येते. अंगाचंच तापमान ३९ च्या आसपास असलेल्या जनावराला आपण त्याच उष्णतेचं पाणी देत होतो. त्याने आतली उष्णता काय कमी होणार! नळी जमिनीखालून घ्यायला आणि टाकीवर सावली करायला सुरुवात केली.

वराह निपलशी खेळतात, पाणी सांडतात, अंगावर घेतात. उन्हाळ्यात हा अपव्यय मानायचा नाही.

१३ एप्रिल

नळी गाडून झाली. दुपारचं पाणी २८. लगेच फरक दिसला तो लार्ज व्हाइटच्या कप्प्यात: दुपारभर निपलकडे न फिरकणारी जनावरं पुन्हा पाण्यावर येऊ लागली.

२४ एप्रिल

गव्हाणीतला फरक आता लपत नाही. आयात तिन्ही गटांचं खाणं मार्चच्या मानाने बरंच उतरलंय, सगळ्यात जास्त लार्ज व्हाइटचं. वजनाने जितकं मोठं जनावर तितका फटका मोठा. ५० किलोच्या पुढे गेलेली सगळ्यात आधी गव्हाण सोडतात. २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात वाढत्या वराहाचं खाणं दर अंशाला रोज ४० ते ८० ग्रॅम घटतं असं संशोधनात मांडलेलं आहे, आणि वजन वाढतं तसा तो आकडाही वाढतो. आमचा तक्ता त्याच वाटेने चाललाय. संकरित गटाचं खाणं मुळातच कमी, पण ते जवळजवळ जागच्या जागी आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढचा सगळा विचार हिच्यावर उभा आहे. खाल्लेलं पचवताना, त्याचं मांस बनवताना शरीर उष्णता तयार करतं. झपाट्याने मांस चढवणारी जात म्हणजे जास्त उष्णता बनवणारी जात. गेली अनेक दशकं निवड झाली ती नेमकी याच गुणासाठी. ही उष्णता बाहेर टाकता आली नाही की जनावरापुढे एकच खात्रीचा उपाय राहतो, कमी खाणं. म्हणजे एप्रिलमधली मंद वाढ हा आजार नाही किंवा जातीचा कमकुवतपणाही नाही. जनावर स्वतःचं तापमान राखतंय, आणि त्याची किंमत वाढीतून देतंय. ‘जात रुळली’ असं आपण जेव्हा म्हणतो तेव्हा पुष्कळदा एवढंच झालेलं असतं: तिने कमी खाऊन जगायला सुरुवात केलेली असते. तगणं आणि वाढणं वेगळं मोजलं नाही तर दोन्हींचा अंदाज चुकतो.

रात्रपाळीचे काका सांगत होते की दुपारी शिवत नाहीत ते खाद्य रात्री अकरानंतर आणि पहाटे खातात. आजपासून गव्हाणी दुपारी रिकाम्या ठेवायच्या, मुख्य खाद्य सूर्यास्तानंतर आणि पहाटे चारला. दुपारभर पडून आंबलेलं खाद्य रात्रीही कुणी खात नाही.

३० एप्रिल

खाद्य बदललं. प्रथिनं आणि तंतू पचवताना उष्णता जास्त निघते, तेलातून कमी. त्यामुळे सोयाबीन पेंड थोडी कमी केली आणि त्यामुळे कमी पडणारी अमिनो आम्लं (लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन) वरून घातली. कोंडा कमी, तेल थोडं जास्त. नुसती पेंड कमी करून भागत नाही. लायसिन कमी पडलं की वाढ खाद्यामुळेच खुंटेल आणि दोष उन्हावर जाईल. जनावर खातंच कमी, तर प्रत्येक घासात क्षारही पुरेसे हवेत. चारही गटांना हेच, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

११ मे

पैदाशीच्या कळपातली लँडरेस मादी काल रात्री व्याली. तिच्या पिंजऱ्याजवळ बराच वेळ होतो, आणि वराहपालनातली सगळ्यात अवघड जागा मला हीच वाटते. एकाच चौकटीत दोन हवामानं लागतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३४ अंश हवेत. अंगावर चरबी जवळजवळ नसते, केस विरळ, पहिले काही तास ते स्वतःची ऊब राखू शकत नाही. आईला मात्र २० अंशांच्या आत बरं वाटतं, कारण दूध बनवणं हे तिच्या शरीरातलं सगळ्यात जास्त उष्णता काढणारं काम.

उष्ण प्रदेशात पिल्लांना ऊब कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. दुपारी नकोच. पण आज पहाटे शेडमध्ये २५ होते आणि पंखा मादीवर चालू होता. ओली पिल्लं त्या वाऱ्यात एकमेकांवर चढून थरथरत होती. त्यांची पेटी झाकून आत दिवा लावला, पंख्याची दिशा मादीच्या डोक्याकडे वळवली. तासाभरात पिल्लं पेटीत सुटी सुटी पसरून झोपली. पेटी योग्य तापल्याची खूण हीच: ढीग म्हणजे थंडी, कडेला पळालेली म्हणजे उकाडा, पसरलेली म्हणजे ठीक.

मादीच्या मानेवर थेंब थेंब पाणी पडेल अशी नळी लावली. मान आणि खांदा ओले, कास आणि पिल्लांची जागा कोरडी. थेंब थोडा वेळ चालू, मग बंद, म्हणजे ओल वाळायला सवड मिळते. अंग थंड होतं ते वाळण्याने. सतत धार सोडली तर खालची फरशी ओली होऊन पिल्लांना हगवण लागते.

दूध पाजणाऱ्या मादीने उन्हामुळे खाणं कमी केलं की ती अंगावरचं मांस आणि चरबी काढून दूध देते. काही दिवस पिल्लं छान दिसतात. मग दूध आटतं, पिल्लांची वाढ थबकते, आणि दूध तोडल्यावर आठवडाभरात माजावर यायला हवी ती मादी लांबणीवर पडते. पुढच्या वेताचं नुकसान या पिंजऱ्यात, या उन्हाळ्यात होतं, आणि हिशोबात ते दिसतं चार-पाच महिन्यांनी. आयात जातींच्या बाबतीत वाढीची चर्चा फार होते, या गोष्टीची फार थोडी. मला स्वतःला वाढीपेक्षा हीच मोठी हानी वाटते.

२० मे

दुपारी ४१. आज कुणाचंही वजन घेतलं नाही. अशा हवेत जनावरांना काट्यापर्यंत हाकणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. संध्याकाळपर्यंत थेंबनळ्या, पंखे, छपरावर ओली पोती. नुकसान नाही.

३ जून

वाचनातून दोन उदाहरणं. दोन्ही कॅरिबियन समुद्रातल्या बेटांची.

पहिलं हैतीचं. १९७८ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर डॉमिनिकन प्रजासत्ताकात पोचला, तिथून हैतीत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रोग निपटण्यासाठी हैतीतली काळी क्रिओल डुकरं सरसकट मारली गेली. त्यांच्या जागी अमेरिकेतून सुधारित डुकरं आणली. क्रिओल डुक्कर उष्टं-खरकटं, पडलेली फळं, मुळं खाऊन वाढायचं, निवाऱ्यावाचून राहायचं, आणि गरीब कुटुंबाची ती गाठीची पुंजी होती. नव्या डुकरांना विकतचं खाद्य हवं, स्वच्छ पाणी हवं, फरशी आणि छप्पर हवं. ज्यांच्या स्वतःच्या घराला धड छप्पर नाही त्यांना हे कुठून जमणार? बहुतेकांच्या हातून ती गेली. पुढे क्रिओलसारखीच काटक जनावरं पुन्हा तयार करायला फ्रान्सची गॅस्कन, चिनी जाती आणि ग्वादेलूप या फ्रेंच बेटावरची क्रिओल यांचा संकर करावा लागला. जातीचा दोष काढण्याआधी तिच्याबरोबर आणावी लागणारी सगळी व्यवस्था मोजली पाहिजे, हे या उदाहरणाइतकं कशातूनच कळत नाही.

दुसरं ग्वादेलूपचं. फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेचं तिथे केंद्र आहे. लार्ज व्हाइट आणि क्रिओल शेजारी शेजारी ठेवून तिथे बरीच वर्षं अभ्यास झालाय. क्रिओल सावकाश वाढते, चरबी जास्त धरते, पण उष्णतेत तिचं खाणं लार्ज व्हाइटइतकं कोसळत नाही. तिथलंच आणखी एक काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं: संकरित नरांची पिल्लं अर्धी फ्रान्सच्या मुख्य भूमीवर आणि अर्धी ग्वादेलूपला वाढवली. बाप तेच, हवा वेगळी. थंड हवेत जी कुटुंबं वर होती तीच उष्ण हवेत वर राहिली असं नाही, क्रम बदलला. म्हणजे थंड देशातल्या कामगिरीवरून नर निवडून उष्ण देशात आणणं ही अर्धीच निवड झाली.

२२ जून

पाऊस लागला. तापमान उतरलं, पण आर्द्रता ९० च्या पुढे. धुक्यासारखे फवारे बंद केले. हवा आधीच ओलीने भरलेली असताना आणखी ओल सोडून काही वाळत नाही, फरशी मात्र चिकट होते आणि खोकला सुरू होतो. आता फक्त पंखे, आणि कडेचे पडदे पूर्ण वर.

आयात गटांचं खाणं झपाट्याने परत येतंय. मे महिन्यात मागे पडलेली जनावरं आता अधिक वेगाने वाढतील, पण गेलेली सगळी वाढ भरून येईल अशी अपेक्षा धरत नाही.

१५ जुलै

दोन गोष्टी.

लार्ज व्हाइट नराच्या वीर्याची तपासणी. हालचाल कमी, वाकड्या शेपट्यांचे शुक्राणू जास्त. नर स्वतः उत्तम दिसतो, नीट खातो, माद्यांवर जातो. पण शुक्राणू तयार व्हायला पाच आठवड्यांच्या वर वेळ लागतो आणि बाहेर पडण्याआधी ते आणखी दहाएक दिवस साठवणीत पक्व होतात. आज हातात आलेलं वीर्य मे अखेरच्या उष्ण दिवसांत बनायला लागलेलं आहे. पाऊस पडला, गारवा आला, आता लावायला हरकत नाही, हा हिशोब इथे लागू होत नाही. पुढच्या तपासणीपर्यंत या नराला विश्रांती. ड्युरॉक नराचा नमुना जरा बरा आहे, पण त्यालाही ऑगस्टमध्ये पुन्हा तपासायचा.

दुसरी, पिएत्रेन नर आणावा अशी सूचना आलीय, कारण मांसल पुठ्ठे. मी विरोध नोंदवतो. या जातीत हॅलोथेन जनुकाचं प्रमाण जुन्या काळापासून जास्त आहे. हे जनुक दोन्ही बाजूंनी आलेलं जनावर ताणात, वाहतुकीत, उन्हात अचानक ताठरतं, अंग तापतं आणि मरतं. १९९१ मध्ये यामागचा नेमका जनुकबदल सापडला, तेव्हापासून रक्ताच्या वा केसांच्या नमुन्यावरून चाचणी होते आणि या दोषापासून मुक्त वाणही तयार झाले आहेत. चाचणीचा कागद असल्याशिवाय एकही नर आत येऊ नये. आणि कागद असला तरी उष्णता बनवणारं एवढं मांस उन्हाळ्यात पोसायचं कसं, हा प्रश्न राहतोच.

९ ऑगस्ट

गटांची शेवटची वजनं झाली. एकूण वजनात लार्ज व्हाइट पहिला, ड्युरॉक दुसरा, लँडरेस तिसरा, संकरित शेवटचा. फक्त हा तक्ता दाखवला तर कुणीही म्हणेल, आयात जात घ्या आणि विषय मिटवा.

एप्रिल-मे वेगळे काढले की चित्र पालटतं. त्या दोन महिन्यांत संकरित गट लार्ज व्हाइटच्या जवळजवळ बरोबरीने वाढला, तेही कमी खाद्यावर. लार्ज व्हाइटची आघाडी फेब्रुवारी-मार्च आणि पावसाळ्याची आहे. ड्युरॉक मध्ये राहिला, आणि उन्हाळ्यात त्याचं खाणं इतर दोन आयात जातींइतकं उतरलं नाही. संकरितांच्या पाठीवरची चरबी जास्त, हे मान्य करावं लागेल.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते गटांमधल्या नव्हे, गटांच्या आतल्या फरकात आहे. लार्ज व्हाइटमध्येच दोन माद्या अशा निघाल्या की मे महिन्यात त्यांची गव्हाण रोज रिकामी व्हायची आणि श्वास इतरांपेक्षा कमी. दोघी एकाच वेतातल्या. एकूण वजनात त्या पहिल्या पाचात नाहीत. नेहमीच्या पद्धतीने निवड केली असती तर दोघी बाजारात गेल्या असत्या.

३० ऑगस्ट

पैदाशीसाठी माद्या निवडल्या. निकष एप्रिल-मेमधलं खाणं आणि त्याच काळातली वाढ. एकूण वजन दुसऱ्या क्रमांकावर, पाय आणि कास नेहमीप्रमाणे. लार्ज व्हाइटच्या त्या दोघी बहिणी, दोन लँडरेस, बाकी संकरित.

संकरित माद्यांना पुन्हा लार्ज व्हाइट नर लावून आयात रक्त ७५ टक्क्यांवर न्यायचं की इथेच थांबायचं, यावर चर्चा झाली. माझं मत थांबण्याचं. पहिल्या संकरात मिळणारा जोम त्याच जातीकडे परत वळलं की निम्म्यावर येतो, आणि दर पिढीला खाद्याची, गारव्याची मागणी वाढत जाते. व्हिएतनाममध्ये माँग काय ही स्थानिक मादी आणि वर लार्ज व्हाइट किंवा लँडरेस नर अशी पद्धत रुळली. गुवाहाटीजवळच्या वराह संशोधन केंद्राने परदेशी हॅम्पशायर आणि बंगालमधली स्थानिक घुंगरू यांचं निम्मं-निम्मं रक्त राखून ‘राणी’ हा वाण बांधला. दोन्हीकडे स्थानिक आईचा वाटा जपलेला आहे. आम्ही संकरित माद्यांना तिसऱ्याच जातीचा, म्हणजे ड्युरॉकचा नर देणार. त्यात आईकडचा जोमही राहतो आणि पिल्लांतही नवा जोम येतो.

ड्युरॉकच्या वीर्याचा दुसरा नमुना चांगला आलाय. पहिली रेतनं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. गाभणकाळ ११४ दिवसांचा, म्हणजे वेतं डिसेंबरच्या शेवटी, गारव्यात, आणि पिल्लं २५ किलोला पोचतील तेव्हा मार्च लागलेला असेल. त्यांची ऐन वाढ पूर्ण उन्हाळ्यात यावी म्हणूनच ही तारीख धरलीय. खाद्याच्या नोंदवहीत या वेळी प्रत्येक जनावराचा रकाना वेगळा असेल.